वाचकांचे प्रश्न : पुळण, बंधारा आणि मर्यादवेल

पावसाळा ओसरला की किनाऱ्याविषयीची पत्रे वाढतात. या वेळी त्यांतील चार निवडली आहेत. दुसऱ्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण तोच प्रश्न थोड्याफार फरकाने इतर वाचकांनीही विचारला आहे.

प्रश्न : रत्नागिरीत ‘पांढरा समुद्र’ आणि ‘काळा समुद्र’ अशी दोन नावे कशी पडली? पाणी तर दोन्हीकडे सारखेच दिसते. (एक वाचक, पुणे)

उत्तर : ही नावे पाण्याची नसून वाळूची आहेत. मांडवीची वाळू काळपट आहे आणि मिऱ्याच्या बाजूची पांढरट. मधे रत्नदुर्गाचा डोंगर समुद्रात शिरलेला असल्यामुळे एकीकडची वाळू दुसरीकडे सहज जात नाही. काळा रंग इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या लोहयुक्त खनिजांचा असतो. सह्याद्रीचा काळा पाषाण आणि त्यापासून झालेला जांभा झिजून ही खनिजे नद्यांवाटे किनाऱ्याला येतात. साध्या वाळूतल्या क्वार्ट्झचा, म्हणजे गारेचा, कण पाण्याच्या सुमारे २.६५ पट जड असतो, तर मॅग्नेटाइटचा पाचपटींहून अधिक. त्यामुळे परतणारी लाट हलके कण ओढून नेते आणि जड कण मागे राहतात. पांढरट वाळूत शिंपल्यांचा चुरा बराच असतो. पडताळा घ्यायचा असेल तर काळी वाळू कागदावर पसरून खालून लोहचुंबक फिरवा, काही कण केसांसारखे उभे राहतील. आणि शिंपल्यांच्या चुऱ्यावर लिंबू पिळा, बारीक बुडबुडे येतील. मुलांबरोबर करून पाहण्यासारखा प्रयोग आहे.

प्रश्न : आमचे घर देवबागला आहे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस कर्ली खाडी. आजोबांनी लावलेल्या माडांच्या दोन ओळी समुद्राने घेतल्या. दगडी धूपप्रतिबंधक बंधारा झाला की गाव वाचेल, असे काही जण म्हणतात. बंधारा झाला की पुळण उरणार नाही, असे दुसरे म्हणतात. खरे काय? (एक वाचक, ता. मालवण)

उत्तर : दोन्ही म्हणणी खरी असू शकतात, कारण पहिले जमिनीविषयी आहे आणि दुसरे पुळणीविषयी. बंधारा त्याच्यामागची जमीन काही काळ धरून ठेवतो. त्याच्यापुढची वाळू धरून ठेवणे हे त्याचे काम नाही, आणि बहुतेक ठिकाणी ते त्याला जमतही नाही.

आपले गाव ज्या भूमीवर वसले आहे तिच्याकडे आधी पाहू. लाटा किनाऱ्याला काटकोनात न येता तिरक्या येतात, तेव्हा प्रत्येक लाट वाळू तिरकी वर ढकलते आणि परतताना सरळ खाली ओढते. अशा असंख्य फेऱ्यांत वाळू किनाऱ्याच्या कडेने पुढे पुढे सरकते आणि खाडीच्या मुखाशी पाणी संथ झाले की साचत जाऊन लांबट दांडा तयार होतो. तारकर्लीपासून देवबागच्या टोकापर्यंतची चिंचोळी पट्टी ही अशीच रचना आहे. म्हणून तर कर्ली नदी समुद्राच्या इतक्या जवळ येऊनही लगेच त्याला मिळत नाही, दक्षिणेकडे वळून भोगव्याजवळ मिळते. असा दांडा म्हणजे वाळूचे चालू खाते असते. जमा थांबली आणि खर्च चालू राहिला की तो बारीक होतो. नदीवरची धरणे वाळू अडवतात, खाडीतला उपसा ती काढून नेतो, आणि शेजारी कुठे लाटरोधक भिंत उभी राहिली तर वाटेतली वाळू तिच्यापाशीच अडते. याखेरीज समुद्राची पातळीही वाढते आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. सखल वाळूच्या पट्टीला एवढी वाढही जाणवते.

आता बंधाऱ्याचे. उतरत्या पुळणीवर लाट पसरते, पाणी वाळूत मुरते आणि लाटेचा जोर ओसरतो. उभ्या किंवा चढ्या दगडी भिंतीवर ती आपटून मागे फिरते आणि पायथ्याची वाळू उकरते. पुढचे पाणी खोल झाले की मोठ्या लाटा आणखी जवळ येतात, दगड खचतात, आणि मग वर नवे दगड किंवा टेट्रापॉड, म्हणजे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, टाकावे लागतात. भिंत जिथे संपते तिथे धूप सर्वांत जास्त होते. त्यामुळे शेजारची वाडीही बंधारा मागू लागते आणि ती मागणी रास्तच असते.

पुदुच्चेरीचा अनुभव इथे उपयोगी पडेल. तेथे १९८०च्या दशकाच्या अखेरीस बंदरासाठी लाटरोधक भिंती बांधल्या गेल्या. पूर्व किनाऱ्यावर वाळू वर्षाच्या हिशेबात दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. ती बंदराशी अडली आणि उत्तरेला असलेल्या शहराची चौपाटी नाहीशी होऊन तिथे दगडांची रांग उरली. पुढे पाण्याखाली कृत्रिम अडथळा उभारून आणि वाळू भरून चौपाटीचा काही भाग परत आणण्यात आला. हे काम खर्चाचे आहे आणि वाळू पुन्हा पुन्हा भरावी लागू शकते, तरीही पुळण परत येऊ शकते हे तिथे दिसले.

माझे मत विचाराल तर, जिथे घरे आणि रस्ता थेट लाटेच्या माऱ्यात आहेत तिथे दगडाला आज पर्याय नाही, आणि हे अमान्य करणाऱ्यांनी एक पावसाळा तिथे राहून पाहावे. मात्र साऱ्या गावाला एकच भिंत घालण्यापूर्वी वाळू कुठून येते आणि कुठे जाते याचा किमान दोन-तीन वर्षांचा अभ्यास मागा. तुम्ही स्वतःही नोंद ठेवू शकता. पावसाळ्यात उंच लाटा वाळू खाली ओढून पाण्याखाली साठवतात आणि दसऱ्यानंतर शांत लाटा ती हळूहळू परत आणतात. म्हणून ऑगस्टमधला फोटो आणि मे महिन्यातला फोटो शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो. न हलणारी एक खूण धरा, विहिरीचा कठडा चालेल, आणि दरवर्षी मे महिन्यातील अमावस्येच्या उधाणाला तिथपासून भरतीच्या ओल्या रेषेपर्यंतचे अंतर टेपने मोजून तारखेसह लिहा.

प्रश्न : समुद्रापासून दीडशे मीटरवरील जुने घर दुरुस्त करता येईल का? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : घर अधिकृत असेल तर सामान्यतः येते. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ची; सध्याची २०१९ची आहे. तिच्यानुसार कमी दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे, पण अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी जोत्याचे क्षेत्रफळ आणि चटई क्षेत्र न वाढवता करता येते. अंतर मोजायचे ते मंजूर नकाशावरील भरतीरेषेपासून. आज पाणी कुठवर आले यावरून नव्हे. काम सुरू करण्याआधी लेखी परवानगी घ्या.

प्रश्न : घरगुती पर्यटन निवास सुरू करत आहोत. समोरच्या वाळूवर जांभळ्या फुलांचा वेल माजला आहे. तो काढून सुरूची झाडे लावावीत का? (एक वाचक, श्रीवर्धन तालुका)

उत्तर : कृपया काढू नका. ती मर्यादवेल आहे. समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथे वाढते म्हणून हे नाव. तिची खोडे वाळूवर पसरतात, प्रत्येक पेराला मुळे फुटतात, आणि उडत आलेली वाळू पानांशी अडून टेकडी वाढत जाते. उधाणात समुद्र नेतो ती वाळू याच टेकडीतली. सुरूचे झाड मूळचे इथले नाही. त्याच्या काड्यांच्या थराखाली दुसरे फारसे उगवत नाही, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात तुमच्याच भागात किती सुरू उन्मळून पडले ते आपण पाहिले आहे. मागच्या बाजूस सावली हवी असेल तर उंडी किंवा केवडा लावा. पाहुण्यांसाठी वेलीतून एकच पायवाट ठेवा आणि तीही तिरकी न्या. वाऱ्याला समुद्राकडून सरळ बोळ मिळाला की वाळू तुमच्या ओसरीवर येते.