७०० युरोंत सायक्लोक्रॉसची सायकल: नवी घ्यावी, जुनी घ्यावी की ग्रॅव्हल?

तुमचा प्रश्न असा: बेल्जियममध्ये गेंटला शिकायला येऊन दोन महिने झाले, उंची ५ फूट ६ इंच, १ नोव्हेंबरला कोपेनबर्गची क्रॉसची शर्यत बघितली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. खिशात ७०० युरो आहेत. त्यात सायक्लोक्रॉसची, म्हणजे चिखल, वाळू नि गवतातून होणाऱ्या शर्यतीची सायकल घ्यायचीय, आणि तिच्यावरूनच रोज विद्यापीठातही जायचंय.

कोपेनबर्ग बघून आलेल्या माणसाला 'आधी नीट विचार कर' वगैरे सांगून काही उपयोग नसतो. माझंही तिथेच बिनसलं. मी मूळचा सांगलीचा, नऊ वर्षं झाली इथल्याच ल्युव्हन शहरात. २२ टक्क्यांपर्यंत जाणारा तो दगडी चढाव माणसं चढतात काय, आणि मग बाजूच्या ओल्या कुरणातून घसरत खाली येतात काय! घरी येईपर्यंत मी फोनवर जुन्या सायकलींच्या जाहिराती चाळायला लागलो होतो.

सरळ उत्तर आधी देतो. जुनी घ्या, साडेचारशे ते पाचशेपर्यंतची घ्या आणि उरलेल्या पैशाला हात लावू नका, ते लागणारच आहेत. विद्यापीठात मात्र ती नेऊ नका. नव्याचा नाद सोडा, कारण ७०० त मिळते ती क्रॉससारखी दिसणारी सायकल: वाकडं हँडल, जाड टायर, डिस्क ब्रेक, आणि वजन असं की दुसऱ्या फेरीला खांद्यावर घेताना आईची आठवण येईल. क्रॉसमध्ये सायकल उचलावीच लागते. फळ्यांचे अडथळे असतात, जिने असतात, वाळूत नि चिखलात चाक फिरेनासं होतं. चांगल्या फ्रेमवर गिअरच्या केबल वरच्या नळीवरून नेलेल्या असतात त्या म्हणूनच, खांद्याला रुतू नयेत म्हणून.

जुनी क्रॉसची सायकल बघताना किती किलोमीटर चालली हे विचारून फार काही कळत नाही. तासाभराच्या शर्यतीला किलोमीटर होतात तरी किती? विचारायचं ते हे, की धुवायचात कशाने. इथे शर्यतीच्या ठिकाणी प्रेशर वॉशरची रांगच असते. चिखलाची सायकल आली की फवारा मारायचा, परत मैदानात सोडायची. मोठ्या शर्यतीत तर दोन सायकली असतात, एक चालवायची तोवर दुसरी धुवायची. तो फवारा जवळून आणि सरळ बेअरिंगवर मारला, की ग्रीस बाहेर आणि पाणी आत. रंग चकाचक राहतो, आत मात्र छर्रे गंजायला लागलेले असतात. थोडक्यात, तुम्ही आधीच्या मालकाची धुण्याची सवय विकत घेता आहात.

ती सवय पाच मिनिटांत ओळखता येते. पुढचं चाक जमिनीपासून उचलून हँडल अगदी सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवा. बरोबर मध्यावर, चाक सरळ होताना, खाचेत बसल्यासारखं अडखळलं तर हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेला. मग चेन पुढच्या चक्रावरून खाली काढा आणि पेडल रिकामं गरकन फिरवा. बोटाने क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, धरून बघा, आत वाळू दळल्यासारखी खरखर जाणवली तर बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या आसाचं बेअरिंग, बदलायचा आहे. तो आट्यांचा आहे की दाबून बसवलेला, हेही विचारून घ्या. आपल्यासारख्यांना आट्यांचा बरा, घरी पाना लावून बदलता येतो आणि कुरकुरत नाही. मागचं चाक फिरवून हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचा, आवाज ऐका, मग रिम धरून आडवं हलवा. डुगडुगलं तर बेअरिंग गेलं किंवा ढिलं झालंय. चाकाला आऊट असेल तर त्याचं फार मनावर घेऊ नका, तारा आवळून निघतो.

आणि सीट पोस्ट, म्हणजे सीटखालची नळी. हे मी विसरलो होतो. माझी पहिली सायकल एका खेड्यात, एका सज्जन दिसणाऱ्या गृहस्थांकडून ३८० युरोंना घेतली. हेडसेट बघितला, चेन बघितली, कॉफी प्यायलो, पैसे दिले. घरी येऊन सीट दोन सेंटीमीटर खाली घ्यायला गेलो तर पोस्ट हलेना. ॲल्युमिनियमची फ्रेम, त्यात कार्बनची पोस्ट, पाच हिवाळे ग्रीस न लावता तशीच. धातू गंजून दोन्ही एकजीव झाले होते. तेल सोडून बघितलं, उकळतं पाणी ओतून बघितलं, सायकल उलटी धरून दोघांनी पिळून बघितली. शेवटी दुरुस्तीवाल्याने पोस्ट कापून आतली नळी पात्यासारखी उभी चिरत काढली, आणि त्याची मजुरी ऐकून मी आठवडाभर त्या गावाचं नाव काढलं नाही. बोल्ट ढिला करून पोस्ट वरखाली करून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं.

आता तुमच्या उंचीचा फायदा. साडेपाच फुटाला साधारण ५२ ची फ्रेम येते, कुठल्या कंपनीची ५१ तर कुठली ५३. फ्लँडर्समधली, म्हणजे बेल्जियमच्या या आपल्या भागातली, मोठी माणसं ५६, ५८ वर बसतात, त्यामुळे तुमच्या मापाच्या क्रॉसच्या सायकली बऱ्याचदा पोरांच्या असतात. इथे १५-१६ वर्षांची मुलं वेगळ्या गटात शर्यती खेळतात, १७-१८ ची वेगळ्या. पोरगं एका उन्हाळ्यात वाढतं आणि सायकल लहान होते. मग बाप जाहिरात टाकतो. हे बाप लोक सोन्यासारखे. पोराच्या सायकलीसाठी त्यांनी गॅरेजमध्ये स्टँड लावलेला असतो, चेन कधी बदलली ते त्यांना तोंडपाठ असतं, आणि एक जादा चाकांची जोडी ते नुसतीच गळ्यात मारतात, बायकोने गॅरेज रिकामं करायला सांगितलेलं असतं म्हणून.

मात्र ती जादा चाकं घेताना एक शब्द सांभाळा. जाहिरातीत 'ट्यूब्स' लिहिलेलं दिसेल. आपल्याला वाटतं, टायरच्या आतली ट्यूब. इथे 'ट्यूब्स' म्हणजे रिमवर सरळ गोंदाने चिकटवलेला, शिवलेला टायर, आत ट्यूब शिवूनच टाकलेली. शर्यतीला तो फार छान, अगदी कमी हवेवर चालतो. पण रस्त्यात पंक्चर झाला तर बसा तिथेच. साध्या टायरची एक जोडी सोबत असेल तरच घ्या.

ब्रेकबद्दल लोक भांडतात, म्हणून माझं मत सांगून मोकळा होतो. सायक्लोक्रॉसमध्ये डिस्कला आंतरराष्ट्रीय संघटनेने परवानगी दिली २०१० साली. त्यानंतर काही वर्षांत शर्यतींतून कँटिलिव्हर, म्हणजे रिमवर दाबणारा जुना ब्रेक, जवळजवळ संपलाच. म्हणून कँटिलिव्हरवाली चांगली फ्रेम आज मातीमोल भावात मिळते. मोह होतो, झालाच पाहिजे. पण वाळू आणि चिखल रिमची बाजू खाऊन टाकतात. रिमवर बोट फिरवलं आणि आत खड्डा लागला तर ते चाक संपलं. शिवाय जोरात दाबला की पुढचा फोर्क थरथरतो, ती थरथर मिनी व्ही-ब्रेक (रिमवरच दाबणारा दुसऱ्या घडणीचा ब्रेक) लावून बरीच थांबते. अडीचशे-तीनशेत अशी सायकल मिळत असेल, रिम धड असतील आणि तुम्हाला एक हिवाळा नुसतं शिकायचं असेल, तर घ्या, वाईट नाही. साडेचारशेच्या पुढे मात्र डिस्कच बघा. तारेवर चालणारी डिस्क असली तरी हरकत नाही, उलट घरी सांभाळायला सोपी. त्यातही दोन्ही बाजूंचे पॅड सरकणारी, टीआरपी स्पायरसारखी असेल तर उत्तम. सुरुवातीच्या डिस्कवाल्या सायकलींना मागे १३५ मिलिमीटरचा हब आणि क्विक रिलीज (चाक काढायचा हाताचा खटका) असतो. पुढे जाऊन चाकं बदलायची म्हटली की ते नडतं. आरपार जाणारा १२ मिलिमीटरचा एक्सल (चाकाचा आस) मिळाला तर त्यासाठी पन्नास युरो जास्त गेले तरी जाऊ द्या.

ब्रेकवरून आठवलं. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हातात, इथे बहुतेक डाव्या हातात. मित्राची सायकल मागून घेतली होती, पहिल्याच उतारावर सवयीने डावा दाबला आणि हँडलवरून पुढे गवतात. पण क्रॉसमध्ये डाव्या बाजूने उतरतात, उजवा हात फ्रेमवर जातो, डावा तेवढा ब्रेकवर राहतो. तेव्हा डाव्या हातात मागचा ब्रेक असलेलाच बरा, आणि इथले काहीजण मुद्दाम तसा करून घेतात. तुम्ही करून घ्या, देशी सवय पहिल्यांदा कामी येईल.

गिअरचं फार डोकं लावू नका. शिमानो कंपनीचे सोरा, टियाग्रा, १०५, जे धड असेल ते. जुन्यांना पुढे ४६ आणि ३६ दातांची दोन चक्रं असतात, नव्यांना एकच. एकच चक्र असेल तर मागच्या डिरेलरला (चेन गिअरवर सरकवणारा भाग) चेन ताणून धरणारा क्लच आहे ना बघा, नाहीतर खडबडीत जागी चेन पडत राहते. चक्राचे दात शार्कच्या पाठीवरच्या परासारखे वाकले असतील तर भाव पाडा.

ग्रॅव्हल, म्हणजे कच्च्या रस्त्यांवर लांब फिरायची सायकल, का नको? नको असं नाही. ग्रॅव्हलचा बॉटम ब्रॅकेट सहसा सेंटीमीटरभर खाली असतो, ती लांबलचक, शांत सायकल, कालव्याकाठी तासन् तास चालवायला झकास. क्रॉसची जरा उंच, वळायला चपळ. ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद टायर नको हा नियम आंतरराष्ट्रीय शर्यतींचा. हौशी गटात बहुतेक ठिकाणी ग्रॅव्हल किंवा माउंटन बाइक घेऊन गेलात तर कोणी हाकलत नाही, नाव नोंदवताना विचारून घ्या. पण जुनी ग्रॅव्हल सध्या सगळ्यांनाच हवी असते, आणि क्रॉसची मागे पडलीय. त्याच पैशात क्रॉसची सायकल एक पायरी वरची मिळते, एवढंच माझं म्हणणं.

राहिलेल्या दोन-अडीचशेचा हिशेब: दोन चिखलाचे टायर साधारण ८०, चेन आणि कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) ६०, पेडल ३५, ब्रेक पॅडच्या दोन जोड्या २५. वाळूमिश्रित चिखलात मऊ पॅड एका शर्यतीतही संपलेले बघितलेत मी, म्हणून धातूचे घ्या. बूट जुने चालतील. पंप मात्र आकडा दाखवणारा हवा. सांगलीच्या दुकानात टायर अंगठ्याने दाबून टणक लागला की 'झालं' म्हणायचे, ते इथे विसरा. साधी ट्यूब आणि तुमचं वजन ६५ च्या आसपास धरलं तर २.२ बारपासून सुरुवात करा, आणि दगडावर रिम आपटली तर थोडी वाढवा. जाहिरातीतल्या कुठल्याही सुधारणेपेक्षा हवेचा हा एक आकडा जास्त फरक पाडतो, आणि तो फुकट आहे.

आता विद्यापीठ. शर्यतीच्या फ्रेमला मडगार्डचे बोल्ट बसवायला भोकं नसतात, कधी कधी बाटलीचीही नसतात. नोव्हेंबरात गेंटच्या पावसात पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन वर्गात बसाल. आणि स्टेशनसमोरच्या त्या सायकलींच्या डोंगरात ती एक रात्र ठेवलीत तर सकाळी कुलूप तेवढं मिळेल. ८०-१०० युरोंची एखादी म्हातारी, मागे कॅरिअर असलेली सायकल घ्या, तिला कोणी हात लावत नाही. हे शंभर सातशेतूनच जाणार, म्हणून वर साडेचारशे-पाचशे म्हटलं तरी क्रॉसची सायकल चारशेच्या आसपास बघावी लागेल हे कबूल.

आणि आत्ता लगेच घेऊ नका. मोसम सप्टेंबर ते फेब्रुवारी, सध्या ऐन भरात आहे आणि चांगली सायकल कोणी सोडत नाही. फेब्रुवारी सरला की पोरांचे बाप जाहिराती टाकायला लागतात. तोवर रविवारी क्लबांच्या फेल्डतूरतोख्त असतात, म्हणजे शेतांतून नि जंगलांतून जाणाऱ्या हौशी फेऱ्या. चार-पाच युरो भरा, कोणाची तरी माउंटन बाइक मागून घ्या, शेवटी गरम सूप मिळतं. तिथेच क्लबातल्या एखाद्याला सांगून ठेवा की ५२ ची हवी आहे. जाहिरातीत यायच्या आधीच फोन येतो, माझी दुसरी सायकल अशीच मिळाली.

मार्चमध्ये एखादी नजरेत भरली तर इथे खाली तिच्या जाहिरातीची लिंक टाका. शनिवार असेल तर मी ट्रेनने येतो बघायला. पाच नंबरची एलन की माझ्या खिशात असतेच, पोस्ट आधी मीच हलवून बघणार.