मडगार्डला 38,000 घाला, पण 2,40,000 चं लोन नको

दादा, तुमचा मेल सकाळी वाचला आणि दुपारी परत काढून वाचला, कारण आकड्यांच्या मध्ये मध्ये बाबांबद्दल जे लिहिलंयत ते बाजूला ठेवून नुसता हिशोब करता येत नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. हे दादा इंदूरला लोकमान्य नगरला राहतात, पीथमपूरला नोकरी, वय 46. देपालपूरकडे घरची जमीन आहे, ती बटाईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दिलीय, आणि तिथल्या शेडमध्ये आजोबांनी 1968 मध्ये घेतलेला इंटरनॅशनल बी-275 ट्रॅक्टर उभा आहे. बाबा त्याच ट्रॅक्टरवर चालवायला शिकले, तेव्हा ते 20 वर्षांचे होते, आज 78. इंजिन अजून सुरू होतं पण मागचे दोन्ही मडगार्ड खालून गंजून चाळण झालेत. समोर तीन रस्ते आहेत: बाजारातली तयार जोडी बसवून 14,000, जुनेच मडगार्ड कापून-जोडून रंगासकट 38,000, किंवा पूर्ण ट्रॅक्टर उघडून नव्यासारखा करायचा 2,40,000, त्यासाठी 14 टक्क्यांचं पर्सनल लोन तीन वर्षांचं. मित्र म्हणतो लोन घे, विंटेज वस्तू आहे, इन्व्हेस्टमेंट समज.

माझं मत: दुसरा रस्ता धरा, जुनेच मडगार्ड नीट करा, पण लोन न घेता आणि टप्प्याटप्प्याने. पूर्ण ट्रॅक्टर आत्ता नाही.

आधी त्या इन्व्हेस्टमेंटवाल्या गोष्टीबद्दल बोलतो, कारण तिथेच पाय घसरायची भीती आहे. 2021 साली केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम आणले, 50 वर्षांवरच्या गाडीला वेगळी नंबर सिरीज वगैरे, ते वाचून लोकांना वाटतं ट्रॅक्टरलाही तो मान मिळणार, पण ते नियम दुचाकी आणि प्रवासी कारसाठी आहेत, ट्रॅक्टर त्यात बसत नाही. दुसरं, बी-275 ही दुर्मिळ वस्तू नाही. 1963 मध्ये महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून कंपनी काढली आणि हा ट्रॅक्टर देशभर गेला, पुढे महिंद्राच्या नावाने हीच 275 ची ओळ चालत राहिली. म्हणून तर तुम्हाला पार्ट मिळताहेत, ही चांगलीच गोष्ट आहे, पण जी वस्तू गावोगावी उभी आहे तिचा भाव तुमच्या लोनच्या व्याजापेक्षा जोरात वाढेल असं धरून चालू नका. ना व्याज, ना भाडं, आणि विकायचा तुमचा विचारही नाही. मग ती इन्व्हेस्टमेंट कशी झाली? ती घरची आठवण आहे आणि आठवणीवर खर्च करायला माझी काहीच हरकत नाही, फक्त तो खर्च म्हणूनच डायरीत लिहा.

आता लोनचा हिशोब. 2,40,000 तीन वर्षांसाठी 14 टक्क्यांनी, हप्ता साधारण 8,200, एकूण व्याज 55,000 च्या वर जातं, म्हणजे नुसत्या व्याजात दोन्ही मडगार्ड होऊन पैसे उरतात. तुमच्या हातात महिन्याला 64,000 येतात, घरखर्च 34,000, घराचा हप्ता 13,500, एसआयपी 6,000, उरले 10,500. त्यातून 8,200 गेले की 2,300 राहिले, आणि मुलगी पुढच्या वर्षी अकरावीला. शिवाय एफडीत फक्त 1,10,000 आहेत. तुमचा महिना घरखर्च आणि हप्ता धरून 47,500 चा आहे, म्हणजे ही रक्कम सव्वादोन महिने पुरेल, सहा महिन्यांसाठी 2,85,000 लागतात. ही एफडी मोडून मडगार्ड करायचे असंही तुम्ही मेलमध्ये एका ठिकाणी लिहिलंय, ते कृपा करून करू नका.

मग 38,000 तरी का घालायचे, 14,000 ची जोडी का नाही? इथे मला पत्र्याबद्दल थोडं बोलावं लागेल, कारण हा निर्णय पत्र्यानेच ठरतो.

गंज म्हणजे घाण नाही की पुसली आणि गेली. लोखंडापेक्षा गंज जास्त जागा घेतो, त्यामुळे जिथे दोन पत्रे एकावर एक असतात, मडगार्ड आणि त्याची आतली पट्टी, तिथे गंज आतून फुगतो, पत्रा उचलला जातो, फटीत अजून पाणी शिरतं. आपल्या माळव्यातली काळी माती टायरने उडून मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यात बसते, ती धरलेला ओलावा लवकर सोडत नाही, त्यात युरिया-खताचा अंश असला तर विचारूच नका. म्हणून मडगार्ड वरून बरा दिसतो आणि खालची कड हाताने मोडते. तुमच्या फोटोत कडेशी जे फोड दिसताहेत तिथे एक पेचकस घेऊन जरा जोर लावा, आरपार गेला तर तो पत्रा संपलाय. आणि एक लोहचुंबक घेऊन सगळीकडून फिरवा, जिथे ते नीट चिकटत नाही तिथे आधीच कुणीतरी पुट्टी, म्हणजे भोकं-खड्डे बुजवायचं लुकण, भरून ठेवलीय. दोन्ही टेस्ट फुकट आहेत आणि कोटेशनच्या आधी करायच्या आहेत.

ही पुट्टी मला फार महागात पडलीय म्हणून सांगतो. हातोदला काकांच्या ट्रॅक्टरचे मडगार्ड, चुलत बहिणीचं लग्न होतं, मी नुकता कमवायला लागलो होतो, हौसेने 11,000 दिले. डेंटरने, म्हणजे पत्राकाम करणाऱ्याने, गंज न काढता भोकांवर पुट्टी भरली आणि वरून लाल रंग, लग्नात इतका सुंदर दिसत होता की काका त्याच्यापासून हलेनात. पुढच्या श्रावणात रंग फुगला, बोट लावलं की पापुद्रे निघायचे. पुट्टी पाणी शोषते आणि आतल्या पत्र्याशी धरून ठेवते, खाली गंज चालूच होता, नंतर पूर्ण खालची कड कापून टाकावी लागली आणि तो खर्च वेगळा झाला. काका मला एका शब्दाने बोलले नाहीत, पण मला अजून वाईट वाटतं.

तर खरं काम असं असतं: चांगलं धातू लागेपर्यंत गंजका भाग कापून काढायचा, जुन्या पत्र्याच्याच जाडीचं ठिगळ आकार देऊन काठाला काठ लावून बसवायचं, मग वेल्डिंगचे टाके एक इथे एक तिथे असे लांब लांब मारायचे आणि मध्ये थंड होऊ द्यायचं. एका दमात सरळ ओळ ओढली की पत्रा तापून लहरतो आणि ती लहर काढायला डेंटरचे दोन दिवस जास्त. ठिगळ पातळ घेतलं तर वेल्डिंगमध्ये जळतं, म्हणून जिथे पत्रा शाबूत आहे तिथे व्हर्नियरने जाडी मोजून घ्या. 16 गेज म्हणजे साधारण 1.6 मिलिमीटर, 8 बाय 4 फुटांचा अख्खा पत्रा 37 किलोच्या आसपास भरतो, तुम्हाला त्याचा तुकडाच लागणार, लोहा मंडीत कापलेले तुकडे विचारा. सांगायचं काय, तुमच्या 38,000 मध्ये माल थोडा आहे, बहुतेक पैसा कारागिराच्या दिवसांचा आहे. आणि दिवस किती लागतील हे रंग उतरवल्याशिवाय कुणालाच कळत नाही, म्हणून आत्ताचं 38,000 हे कोटेशन म्हणजे अंदाज आहे. अख्ख्या कामाचा अॅडव्हान्स देऊ नका. आधी फक्त उतरवणं, साफ करणं आणि सीट-मडगार्डच्या ब्रॅकेटची मरम्मत एवढंच ठरवा, त्याचे 8,000 म्हणतात ना, ते द्या, उघडा पत्रा स्वतः जाऊन बघा आणि मग उरलेल्याचा पक्का भाव लिहून घ्या. वाढून 45,000 पर्यंत गेलं तर करा. 50,000 च्या वर गेलं तर थांबा, तयार जोडी बसवा आणि जुने मडगार्ड साफ करून ग्रीस लावून कोरड्या जागी ठेवून द्या, विकू नका.

ब्रॅकेट मी मुद्दाम पहिल्या टप्प्यात घातलंय. चालवणाऱ्याच्या मांडीपासून फिरतं मोठं टायर हातभर लांब असतं आणि मध्ये फक्त हा मडगार्ड, चढताना आपण त्यालाच धरतो. बाबा 78 चे, चढताना हात ठेवला आणि गंजकी पट्टी तुटली तर काय, हा विचार करून बघा. एवढा भाग हौसेचा नाही, गरजेचा आहे, त्यामुळे त्याला महिन्याच्या शिलकीतून आत्ताच पैसे काढा. तोवर बाबांना वर चढू देऊ नका, आणि नातवंडांना मडगार्डवर बसवून फोटो तर कधीच नको.

बाकीचे 30,000 एप्रिलमध्ये गहू विकला की. गेल्या रबीला बटाईचे 70,000 आले होते म्हणालात, यंदा तेवढेच आले असं धरू: 40,000 एफडीत, 30,000 मडगार्डला. तुमची एफडी 1,50,000 झाली, तीन महिन्यांची सोय. त्यानंतर शिलकीतले 7,000 दर महिन्याला तिथेच टाकत राहा, 2,85,000 ला पोचायला दीड वर्षाच्या थोडं वर लागेल. पूर्ण ट्रॅक्टरचा विषय त्यानंतर काढा, तेव्हा मी स्वतः तुमच्यासोबत बसून हिशोब करीन. गहू कमी आला तर एफडीचा वाटा आधी, मडगार्डचा नंतर.

टप्प्यांमध्ये एक पत्र्याची अडचण आहे ती लक्षात घ्या. मे महिन्यात वेल्डिंग झालं आणि रंग दसऱ्याच्या आधी करायचा ठरला तर मधला पूर्ण पावसाळा मडगार्ड नुसत्या प्रायमरवर राहणार. साधं ग्रे प्रायमर ओल आत घेतं, चार महिन्यांत खालून परत गंज. एपॉक्सी प्रायमर मारून घ्या, थोडं महाग पडतं पण ते पाणी अडवतं, आणि आतल्या जोडांमध्ये सीलर भरायला सांगा, रंगाच्या आधी. शेडमध्ये ट्रॅक्टरवर ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो, वर थोडी मोकळी राहू द्या. वेल्डिंग ट्रॅक्टरवर लावलेल्या अवस्थेत करू देऊ नका, मडगार्ड काढूनच, बाजूला टायर आणि डिझेल आहे.

कागदाचं पण बघा. आरसी, म्हणजे ट्रॅक्टरचं नोंदणीपत्र, कुणाच्या नावावर आहे तुम्ही लिहिलं नाहीत. पहिली 15 वर्षं आणि मग दर 5 वर्षांनी रिन्यू करावी लागते, ती थकली असेल तर आरटीओत दंडासकट किती लागतील हे मडगार्डच्या आधी विचारा. बाबांच्या नावावर असेल तर ते स्वतः सही करायला येऊ शकताहेत तोवर पुढचं ठरवून टाका, मागाहून वारसाचे कागद जमवत फिरणं त्रासाचं असतं. रस्त्यावर काढायचा तर थर्ड पार्टी इन्शुरन्स लागतोच, मिरवणुकीत एक फेरी मारायची असली तरी.

आणि बाबांचा हेल्थ इन्शुरन्स नाही असं शेवटी एका ओळीत लिहिलंयत, मला ती ओळ सगळ्यात जास्त खटकली. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान योजनेत वर्षाला 5 लाखांपर्यंत कव्हर आहे, उत्पन्नाची अट नाही. आधार घेऊन वय वंदना कार्ड काढून घ्या, ह्याच आठवड्यात, डेंटरला फोन करायच्या आधी.

रंग उतरवल्यावर बघायला जाल तेव्हा बाबांना गाडीत घालून घेऊन जा. मडगार्डवर कुठली भोकं कंपनीची, कुठली आजोबांनी लाईटसाठी पाडलेली आणि कुठली गंजाने पडलीत हे फक्त त्यांनाच माहिती असणार, आणि डेंटरला कुठलं बुजवायचं आणि कुठलं ठेवायचं ते त्यांनीच सांगितलेलं बरं.