मणक्यात गॅप आलाय, आता जन्मभर असंच का?

अपघातातून वाचलेली माणसं माझ्यासमोर बसली की पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो. "मॅडम, मणक्यात गॅप आलाय म्हणे. आता जन्मभर असंच का?" थोड्या वेळाने आवाज खाली जातो आणि दुसरा प्रश्न येतो. "ऑपरेशन केलं की पाय जातात, खरंय का?"

मी डॉक्टर नाही. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, फिजिओथेरपीच्या शेजारच्या खोलीत समुपदेशक म्हणून बसते. हाडाचं निदान माझ्याकडे नसतं; त्या निदानाच्या धसक्याने अंथरुणाला खिळलेली माणसं मात्र माझ्याकडे येतात. त्यांतल्या एका गृहस्थांबद्दल, ओळख पटेल असे तपशील बदलून, लिहिते आहे.

वय चाळीस. केजकडचं गाव, किराण्याचं दुकान आणि चार एकर सोयाबीन. जानेवारीत लातूरहून लग्न उरकून रात्री परत येताना ते ड्रायव्हरशेजारी बसले होते. रस्त्यात उसाची ट्रॉली उभी. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. हंगामात आमच्याकडच्या रस्त्यांवर हे रोजचं झालंय, आणि त्याची चीड येते मला. बेल्ट होता म्हणून जीव वाचला. पण बेल्टने कंबर जागेवर धरली आणि वरचं अंग झटक्याने पुढे वाकलं. त्या रात्री एक्स-रेत हाडं ठीक निघाली म्हणून घरी सोडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरायला वाकले आणि कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ गेली.

"एक्स-रे चांगला होता, मग हे कुठून आलं?" हा त्यांच्या बायकोचा प्रश्न. अगदी रास्त. एक्स-रेत हाड दिसतं, दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) दिसत नाही. शिवाय मार लागल्यावर आतली सूज चढायला एक-दोन दिवस जातात, म्हणून दुखणं उशिरा वर येतं. उशिरा आलं म्हणजे ते खोटं, असं नाही.

माझ्याकडे आले तेव्हा ते पाच आठवडे पडून होते. कमरेला पट्टा चोवीस तास, झोपेतसुद्धा. चुलतीने एका पायाळू पोराला बोलावून कमरेला पाय लावून घेतला होता. नुसता पाय लावला म्हणून निभावलं. अपघातानंतरच्या कमरेवर कुणी तुडवलं, पिळलं, झटका दिला तर काय होईल ते सांगता येत नाही. मायेपोटी घरचे करतात, पण ते करू देऊ नका. एमआरआयचा लिफाफा साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत घालून आणलेला. तो त्यांनी स्वतः उघडला नाही. बायकोकडे सरकवला, बायकोने माझ्याकडे.

"दादा, वाचलाय का तुम्ही?"

"नाही. पोराने मोबाइलवर बघितलं, मग सांगेना झाला. तेव्हाच समजलो."

काय समजले, ते मी विचारलं नाही. खुर्चीच्या कडेवर, डाव्या तळहातावर भार देऊन ते बसले होते आणि त्यांची लहान मुलगी मांडीवर चढायला बघत होती. ते तिला कोपराने हळूच दूर सारत होते. पाच आठवड्यांत एकदाही तिला उचललं नव्हतं.

रिपोर्ट उघडण्याआधी मी चार गोष्टी विचारल्या. प्रत्येकाने त्या स्वतःला विचाराव्यात. लघवी तुंबते का, की नकळत होते? बसायची जागा आणि मांड्यांची आतली बाजू बधिर झालीये का? दोन्ही पायांतली ताकद चाललीये का? चालताना पायातली चप्पल न कळता निसटते का? यातल्या एकाचंही उत्तर "हो" असेल तर समुपदेशन बाजूला ठेवायचं आणि त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठायचं. तिथे तासातासाला महत्त्व असतं. त्यांची चारही उत्तरं "नाही" होती. तरी मी शेजारून फिजिओथेरपिस्ट ताईंना बोलावलं. त्यांनी टाचांवर चालायला लावलं, मग चवड्यांवर. डावा अंगठा दाबाविरुद्ध वर उचलायला सांगितला. तो उजव्यापेक्षा किंचित कमी जोर लावत होता. ते डॉक्टरांना कळवलं आणि दर आठवड्याला तपासायचं ठरलं.

मग रिपोर्ट आम्ही तिघांनी मिळून वाचला, शब्दाशब्दाने. एल-४ आणि एल-५, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी बाहेर आलेली, डावी नस दबलेली, इतर गाद्यांची झीज.

"गॅप" हा शब्द त्यात कुठेच नव्हता. मणक्यांमध्ये फट पडून कंबर सुटी झाली, असं चित्र हा शब्द डोळ्यांपुढे उभं करतो. मला तो शब्द बोलण्यातून जावा असं फार वाटतं. "गादी सरकली" हेही तितकंसं बरोबर नाही. गादी मणक्यांना घट्ट चिकटलेली असते, ती कॅरमच्या सोंगटीसारखी घसरत नाही. टायरमध्ये कसे आडवेतिडवे दोऱ्यांचे थर असतात, तसे गादीच्या कडेला चिवट तंतूंचे थर असतात आणि आत मऊ गर. वाकलेल्या अवस्थेत जोराचा दणका बसला की हे थर चिरतात, गर फुगून मागच्या बाजूला येतो. तिथूनच पायाकडे जाणारी नस निघते. गर तिला दाबतो आणि चिडवतोही. सूज येते, म्हणून एवढ्याशा गराने अख्खा पाय पेटतो. खालच्या दोन गाद्यांवर भार सर्वांत जास्त, म्हणून हा प्रकार बहुतेक वेळा तिथेच होतो.

"मग तो गर आत कसा जाणार?"

आत जात नाही. पण बाहेर आलेल्या गराला शरीर परकं समजतं आणि हळूहळू खाऊन टाकतं. पुष्कळ लोकांत तो काही महिन्यांत आक्रसतो, आणि गर पूर्ण फुटून बाहेर आलेला असेल तर असं होण्याची शक्यता उलट जास्त असते. बहुतेकांची पायाची कळ सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय उतरते. हे ऐकून ते पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत म्हणाले, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही की."

"झीज" या शब्दावर मात्र ते अडले. विम्याकडच्या माणसाने सांगितलं होतं की हे जुनंच दुखणं आहे. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांची स्कॅन त्यात पाहिली होती. चाळिशीतल्या ६८ टक्के लोकांत गादीची झीज आणि ५० टक्क्यांत गादीचा फुगवटा सापडला. म्हणजे झीज केसांच्या पांढरेपणासारखी वयाने येते, आणि ती असूनही अपघाताने नवी इजा होऊ शकते. आदल्या दिवशीपर्यंत ते पोती उचलत होते, हे डॉक्टरांच्या कागदावर यायला हवं. एफआयआर, पहिल्या दवाखान्याचे कागद, औषधांची बिलं एका फायलीत लावा असं मी सांगितलं. मोटार अपघात दाव्याचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असा नियम २०२२ पासून आहे, म्हणून वकिलाला लवकर भेटा हेही.

ऑपरेशनबद्दल डॉक्टरांनी त्यांना नीट समजावलं. ताकद घटत चालली किंवा आठवडेच्या आठवडे कळ सोसवेना झाली तर ते करतात. कळ लवकर थांबते, पण वर्षभराने पाहिलं तर ऑपरेशन केलेले आणि न केलेले यांच्यात फारसा फरक उरत नाही. आणि पायांत ताकद जात असेल तर उलट ऑपरेशनच पाय वाचवायला करतात.

सगळ्यात अवघड गेलं ते अंथरुण सोडणं. एक-दोन दिवसांपलीकडची विश्रांती कंबर आखडवते, स्नायू ढिले करते. गादीला रक्त थेट फारसं पोचत नाही. हालचालीने होणाऱ्या दाब-सोडीतून तिला पोषण मिळतं. पहिल्या आठवड्यात घर ते मारुतीचं देऊळ, दिवसातून तीनदा. बायको मोबाइलवर वेळ लावायची. पट्टा आधी रात्रीचा सुटला, मग दुपारचा. दुसऱ्या आठवड्यात ते रागावून आले. "चालल्यावर दुखायलंय, मॅडम." कुठे दुखतं, विचारलं. म्हणाले, "आता कमरेत. पायातलं वर सरकायलंय." फिजिओ ताई हसल्या. पायातलं दुखणं कमरेकडे गोळा होणं हे सहसा सुधारणेचं लक्षण, पण त्यांना ते बिघडल्यासारखं वाटलं होतं. न सांगता पुन्हा झोपून राहिले असते, तर आम्हाला कळलंही नसतं.

मेमध्ये आले तेव्हा एसटीने आले होते. डाव्या अंगठ्याचा जोर उजव्याइतका झाला होता. मुलीला उचलायला ते गुडघ्यांत बसले, तिला छातीशी धरलं आणि पायांच्या जोरावर उठले. बायकोने तोंड फिरवून डोळे पुसले.

रात्रीच्या गाडीत पुढच्या सीटवर मात्र ते अजून बसत नाहीत. समोर अंधार दिसला की पोटात गोळा येतो, हात डॅशबोर्डकडे जातात. ते कुठल्याही एमआरआयमध्ये दिसत नाही, आणि माझं खरं काम तिथेच आहे. पुढच्या गुरुवारी त्यांच्या मेहुण्याची गाडी दवाखान्यासमोर उभी करायची ठरली आहे. इंजिन बंद, दार उघडं, पुढच्या सीटवर ते, मागे मी. दहा मिनिटं नुसतं बसून बघणार आहोत.