तर्कशास्त्र वाचूनही वादात शब्दांत का अडकायला होतं?

तुम्ही म्हणता, तर्कशास्त्राचं प्राथमिक पुस्तक वाचून झालं, तरी वादात कुणी शब्दांत पकडलं की गडबडायला होतं. माझंही बरीच वर्षं तेच व्हायचं. पुस्तक आधी साचा शिकवतं : सर्व अ हे ब, सर्व ब हे क, म्हणून सर्व अ हे क. फसवणारा साच्याला सहसा हात लावत नाही. तो गुपचूप ‘ब’ बदलतो.

उदाहरणार्थ : ‘नियम असतात तिथे ते करणारा असतो. निसर्गात नियम आहेत. म्हणून ते करणारा कुणीतरी आहे.’ साचा चोख. पण पहिला ‘नियम’ कुणीतरी घालून दिलेला, मोडता येणारा. दुसरा म्हणजे नुसती नियमितता. गुरुत्वाकर्षण मोडल्याबद्दल कुणाला दंड झालेला नाही! (निष्कर्ष खरा की खोटा हा वेगळा प्रश्न, या वाटेने तो सिद्ध होत नाही, इतकंच.) मी अशा वेळी शब्द खोडून त्या जागी अर्थ लिहितो. दोन्हीकडे एकच अर्थ बसेना, की चोरी सापडली.

तुमची अडचण मात्र उलट बाजूची दिसते. इथे लबाडी ऐकणाऱ्याची. न्यायसूत्रांत, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात, तिला ‘छल’ म्हणतात, त्याचे 3 प्रकार आहेत. त्यातला वाक्छल म्हणजे बोलणाऱ्याच्या शब्दाचा भलताच अर्थ घेणं. वात्स्यायनाने न्यायसूत्रांवर लिहिलेल्या भाष्यातलं त्याचं उदाहरण मजेशीर आहे. एकजण म्हणतो, हा मुलगा ‘नवकंबल’ आहे, म्हणजे त्याचं कांबळं नवं आहे. दुसरा म्हणतो, नऊ कुठे आहेत, एकच तर दिसतंय! संस्कृतात ‘नव’चे दोन्ही अर्थ होतात. यावर वात्स्यायनाचं उत्तर असं, की शब्दाला अनेक अर्थ असताना तू हाच घेतलास, तर त्याचं कारण तू दे. वादात हे विसरू नका. आपण खुलासे देत बसतो आणि तिथेच हरतो.

मराठीत मला सगळ्यांत बेभरवशाचं वाटतं ते ‘नाही’. ‘सगळे अर्ज पात्र नाहीत’ म्हणजे एकही नाही, की काही आहेत? बोलताना सुरावरून कळतं. कागदावर नाही, आणि लिहिणारा नंतर सोयीचा अर्थ उचलू शकतो. ‘याहून चांगलं दुसरं नाही’ हे तर सगळीच सारखी असली तरी खरंच ठरतं. त्यात खोटं काहीच नाही. ‘सर्वोत्तम’ हा शब्द आपण मनात घातलेला असतो.