दोन डिस्क आहेत, मग बॅकअप कशाला?

प्रश्न: जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर करून ४ टीबीच्या दोन डिस्क रेड १ मध्ये लावल्यात. घरचे सगळे फोटो त्यावर आहेत. वेगळा बॅकअप लागेल का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर: लागेलच, आणि याच आठवड्यात घ्या. रेड १ मध्ये एका डिस्कवर जो बदल होतो तोच लगेच दुसरीवरही होतो. एक डिस्क बंद पडली तर दुसरी तारून नेते, पण फोल्डर चुकून पुसलं तर दोन्हीकडून जातं. आईच्या साठीशांतीचे फोटो माझ्या हातून असेच गेले. परत मिळाले ते ठाण्याला बहिणीकडे ठेवलेल्या यूएसबी डिस्कमुळे. काळ्या रेक्झिनच्या पाकिटातली ती डिस्क आता दर महिन्याला घरी येते, कॉपी झाली की मी चार-पाच फोटो उघडून बघतो, मग ती परत ठाण्याला.

छोटा यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर थोडा वेळ पुरवठा चालू ठेवणारा बॅटरीचा डबा, घ्याच. डिस्कवर फाइल साठवली जात असताना वीज गेली तर फाइल खराब होऊ शकते.

तळमजल्यावर राहत असाल तर सर्व्हर माळ्यावर किंवा उंच फळीवर ठेवा, हवा मात्र खेळती हवी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला होता, आणि पाणी आधी जमिनीवरच्या वस्तू गाठतं.