वाचकांचे प्रश्न: हुतात्मा संत, मग रक्त कुठंय?

प्रश्न: एका जुन्या स्पॅनिश चित्राचा फोटो बघितला, संत सेरापिओन, चित्रकार झुर्बारान, साल 1628. पांढऱ्या झग्यातला माणूस, दोन्ही हात वर बांधलेले, मान कलंडलेली, डोळे मिटलेले. याला हाल करून मारलं म्हणतात, मग जखम, रक्त काहीच कसं नाही? आणि छातीवर ते लाल-पिवळं काय आहे?

उत्तर: प्रश्न एकदम बरोबर आहे, कारण त्या काळात रक्त दाखवायला कुणी लाजत नव्हतं. रिबेरा या त्याच काळातल्या स्पॅनिश चित्रकाराचं 1644 चं संत बार्थोलोम्यूचं चित्र बघा, बार्सिलोनात आहे, त्यात जिवंत माणसाची कातडी सोलतायत आणि ते धड बघवत नाही. सेरापिओनच्या मरणाच्या कथाही काही सौम्य नाहीत. तो मर्सिडेरियन साधू होता, हा संघ 1218 मध्ये बार्सिलोनात निघाला, काम काय तर मुस्लिम राजवटीत कैद झालेल्या ख्रिश्चनांना पैसे भरून सोडवायचं, आणि वेळ आलीच तर कैद्याच्या जागी स्वतः ओलीस राहायचं, तशी शपथच असायची त्यांची. परंपरा सांगते की सेरापिओन असाच ओलीस राहिला, पैसे वेळेत पोचले नाहीत आणि 1240 मध्ये त्याला मारलं.

आता रक्त का नाही, तर माझ्या मते उत्तर चित्राच्या मूळ जागेत आहे. सेव्हिलमधल्या याच संघाच्या मठात, जिथं वारलेल्या साधूंना दफनाआधी ठेवायचे त्या खोलीसाठी हे काढलेलं. म्हणजे समोर आपलाच एक सोबती निजवलेला, अंगावर तोच पांढरा झगा, आणि भिंतीवर त्याच झग्यातला सेरापिओन. तिथं आतडी-बितडी दाखवून काय साधणार होतं? म्हणून झुर्बाराननं सगळा जोर कापडावर लावलाय, मागे गच्च काळोख आणि पुढे त्या जाड कापडाच्या चुण्यांवर पडलेला उजेड, चित्राचा बहुतेक भाग नुसता झगाच आहे. मारेकरी नाहीत, देवदूत नाहीत. जखमा असल्याच तर त्या कापडाखाली, आणि मला विचाराल तर ते उघड्या जखमेपेक्षा जास्त अंगावर येतं.

लाल-पिवळं म्हणजे संघाचा बिल्ला, आरागॉन या स्पेनमधल्या जुन्या राज्याच्या राजघराण्याचे पट्टे आणि वर क्रॉस. उजवीकडे एक चिठ्ठी टाचलेली दिसेल, फोटो मोठा करून बघा, त्यावर संताचं नाव आहे आणि चित्रकाराची सही. मूळ चित्र आता अमेरिकेत, हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम म्युझियममध्ये आहे.