सुरा गेला कुठे?

बाये,

तुझं पत्र रात्री वाचलं, निकालपत्र आणि साक्षींच्या नकला पहाटे. साक्षीदार पिंजऱ्यात ततपप झाला, आरोपीच्या हातात सुरा पाहिल्याचं त्याच्या पोलीस जबानीत नाहीच हे भर कोर्टात उघडं पडलं, मागच्या बाकावरच्या वकिलांनी माना डोलावल्या. आणि निकालपत्रात यातलं अक्षरही नाही. ‘कोर्टाने माझं ऐकलंच नाही का?’ असं विचारतेस.

ऐकलं गं. तू शाबीत केलं नाहीस.

साक्षीदार क्रमांक 3 म्हणतो, ‘मी पोलिसांना सुऱ्याचं सांगितलं होतं, त्यांनी का लिहिलं नाही ते मी सांगू शकत नाही.’ इथे तू खुशीत खाली बसलीस. पण हे ओमिशन, म्हणजे कोर्टात सांगितलेलं जबानीत नसणं, अजून अर्धंच आहे. उरलेलं अर्धं तपास अधिकाऱ्याच्या, आयओच्या, तोंडून यायचं असतं. तो साक्षीला आला की सरळ विचारायचं, या साक्षीदाराने सुऱ्याबद्दल तुम्हाला काही सांगितलं होतं का? तो ‘नाही’ म्हणाला, ते टाइप झालं, की झालं शाबीत. तू त्याची उलटतपासणी दीड पानात उरकलीस. त्यात पंचनामा आहे, जप्ती आहे, ‘तुम्ही खोटा तपास केला’ आहे. सुरा नाही.

पोलीस जबानी आपणहून बोलत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 162 काढ, किंवा 1 जुलै 2024 पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेचं 181. ‘रीतसर शाबीत झाल्यास’ ही अट दोन्हीकडे आहे. अशा ओमिशनवरचा सुप्रीम कोर्टाचा तहसीलदार सिंगचा 1959 चा निकाल तू युक्तिवादात वाचलास म्हणतेस. वाचून काय करायचं, आयओला विचारलंच नाही तर?

रागावू नकोस. म्हापशाला वकिलीच्या तिसऱ्या वर्षी मी हेच केलं. तीन साक्षीदार असे सोलले, की चहाच्या गाड्यावर लोक माझ्या नकला करत. आयओ आला त्या दुपारी मला पणजीला दुसरं मॅटर होतं. ‘हे खोटं आहे’ छापाच्या चार ठरावीक सूचना त्याला घातल्या आणि बस पकडली. शिक्षा झाली. अपिलात तेच, शाबीत नाही. निकालाच्या दिवशी अशिलाची आई पेजेचा डबा घेऊन आली होती. मला म्हणाली, ‘तुमी बरें उलयले न्ही?’

बरं बोललो होतो, खरंच.

तेव्हापासून वही आहे. डाव्या रकान्यात साक्षीदार काय नाकारतो ते, उजवा रकाना आयओसाठी कोरा. तो भरल्याशिवाय मी आयओला सोडत नाही. साहेब घड्याळ बघतात, सरकारी वकील जांभया देतात, दोन ज्युनियर कंटाळून गेले. एक जाताना म्हणाला, सर, तुमच्याकडे उलटतपासणी नाही, कारकुनी शिकायला मिळते. असेल. पण उजवा रकाना कोरा राहिला म्हणून माझा एकही माणूस पुन्हा आत गेला नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही. थोडं सांगतोही.

आणि पडद्यावर काय टाइप होतंय तिकडे डोळे ठेव. आपल्याकडे साक्षीदार कोंकणीत बोलतो, साहेब इंग्रजीत सांगतात, स्टेनो लिहितो. तुझा साक्षीदार ‘म्हाका खबर ना’ म्हणाला आणि नकलेत ‘आठवत नाही’ आलंय. खबर ना म्हणजे माहीतच नाही. उगडास ना म्हणजे आठवत नाही. पहिल्याने तो घटनास्थळावरून जातो, दुसऱ्याने तिथेच राहतो. तिथल्या तिथे उभं राहून दुरुस्त करून घ्यायचं. तू म्हणे पुढचा प्रश्न शोधत होतीस!

सेशन्सचा निकाल आहे, हायकोर्टात अपिलाला 60 दिवस. त्यातले किती गेले ते आज कळव. शनिवारी फोंड्याला ये, येताना क्रमांक 3 ची पोलीस जबानी आण आणि आयओची पूर्ण साक्ष. सुरा आणखी कुणाच्या तोंडून आलाय का, ते ओळ न् ओळ बघू.